मोठा पडदा आणि झुकलेली मान

चाळिशी ओलांडली की डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे अक्षर पुसट होते. मराठीने या वयाचे नावच चष्म्याला देऊन टाकले आहे. ही 'चाळिशी' लागलेली मंडळी अलीकडे लॅपटॉपच्या दुकानात एकच मागणी घेऊन येतात, 'जरा मोठा पडदा दाखवा.' निकालपत्रके करणारे शिक्षक, दिवसभर आकड्यांत बुडालेले करसल्लागार, घरून काम करणारे संगणक अभियंते, निवृत्तीनंतर अनुवाद हाती घेतलेले गृहस्थ असे सगळेच त्यांत असतात. विक्रेता बजेट विचारतो, मग प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्सचे आकडे घडाघडा सांगतो. हे यंत्र रोज सहा-आठ तास ज्यांच्यासमोर राहणार, त्या डोळ्यांची, मानेची आणि मनगटांची चौकशी मात्र कोणी करत नाही. साठ-सत्तर हजार रुपये खर्चून घरी आलेला लॅपटॉप सहा महिन्यांत मानदुखी देऊ लागतो, तेव्हा तो वेगाला कमी पडलेला नसतो.

सुरुवात इंचांपासूनच करावी लागते, कारण इंच फसवे आहेत. पडद्याचे माप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतात. त्यातून रुंदी किती आणि उंची किती हे कळत नाही. १५.६ इंची नेहमीचा पडदा (१६:९ प्रमाणाचा) साधारण ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच असतो. १६ इंची पडदा १६:१० प्रमाणाचा असेल, तर रुंदी तेवढीच राहते आणि उंची २१.५ सेंटिमीटर होते. आता १७.३ इंची जुन्या प्रमाणाचा पडदा पाहा. त्याचीही उंची २१.५ सेंटिमीटरच भरते, वाढते ती रुंदी. म्हणजे पत्रे, अहवाल, कायद्याची कागदपत्रे असे वरून खाली वाचायचे काम करणाऱ्याला १६ इंचांत जे मिळते, तेच १७.३ इंचांत मिळते, वर वजन जास्त. हिशेबाचे लांबलचक तक्ते करणाऱ्याला किंवा दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडणाऱ्याला मात्र वाढीव रुंदीचा खरा उपयोग होतो. दुकानात जाताना खिशात शिवणकामाची टेप ठेवायला हरकत नाही.

पडदा मोठा झाला की अक्षरेही त्या मानाने मोठी होतील, ही दुसरी समजूत. १५.६ वरून १७.३ इंचांवर गेल्यावर, बाकी सर्व तसेच ठेवले तर, अक्षर फक्त ११ टक्क्यांनी मोठे होते. उलट आहे त्याच लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'स्केल' १०० वरून १२५ टक्के केले, तर अक्षर एका क्षणात २५ टक्क्यांनी वाढते आणि एक पैसा लागत नाही. मोठ्या पडद्याचा खरा फायदा वेगळाच आहे. अक्षरे मोठी केल्यावरही त्यावर पुरेसा मजकूर मावतो.

मग तो मजकूर किती बारीक ठिपक्यांनी, म्हणजे पिक्सेलनी, बनलेला असावा? इथे नेत्रविज्ञानातले एक साधे माप कामी येते. ज्याची नजर ६/६ आहे असा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखू शकतो. ६० सेंटिमीटरवर, म्हणजे लॅपटॉप वापरण्याच्या नेहमीच्या अंतरावर, हा कोन सुमारे ०.१७ मिलिमीटर भरतो. 'फुल एचडी' म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेलच्या १५.६ इंची पडद्यावर एका पिक्सेलची रुंदी ०.१८ मिलिमीटर असते. चांगल्या नजरेच्या मर्यादेला हे जवळजवळ भिडलेले आहे. १७.३ इंचांवर तोच पिक्सेल ०.२ मिलिमीटर होतो. किंचित जाडा, पण चालण्यासारखा. जुन्या किंवा अगदी स्वस्त १५.६ इंची पडद्यांवर १३६६ बाय ७६८ पिक्सेल असतात, तिथे तो ०.२५ मिलिमीटरवर जातो आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. असा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी वाचनाच्या कामासाठी घेऊ नये. याउलट 'फोर-के' पडद्यावरचे ०.०९ मिलिमीटरचे पिक्सेल पंचावन्न वर्षांच्या डोळ्याला वेगळे दिसण्याची शक्यता कमीच. छायाचित्रांचे बारीक काम करणाऱ्यांनी त्यासाठी जरूर पैसे मोजावेत. इतरांचे जादा पैसे जातात आणि बॅटरीही लवकर उतरते.

देवनागरी वाचणाऱ्यांना या परीक्षेसाठी वेगळे साधन लागत नाही. लहान टंकातला मराठी मजकूर उघडावा आणि 'घ' व 'ध', 'भ' व 'म', 'ष' व 'प' यांत डोळे न ताणता फरक कळतो का, डोक्यावरचा रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात का, ते पाहावे. रोमन लिपीत जे खपून जाते ते आपल्या मात्रा-वेलांट्यांत उघडे पडते.

तरीही अक्षर पुसट दिसत असेल, तर दोष पडद्याचा नसून चष्म्याचा असू शकतो. वाचनाचा चष्मा पुस्तकासाठी म्हणजे ३५-४० सेंटिमीटर अंतरासाठी दिलेला असतो. लॅपटॉप ५५ ते ७० सेंटिमीटरवर असतो. त्यामुळे चष्मा लावलेला माणूस नकळत पुढे वाकतो आणि पडदा चष्म्याच्या पल्ल्यात आणतो. एकाच काचेत लांबचा, मधला आणि जवळचा असे तिन्ही नंबर असलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर जवळचा नंबर काचेच्या तळाशी असल्याने हनुवटी वर करून वाचावे लागते. पाठ पुढे आणि हनुवटी वर, ही मानेची सगळ्यांत वाईट स्थिती. म्हणून मोठ्या पडद्यासाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजण्यापूर्वी डोळे तपासून घ्यावेत आणि डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून डॉक्टरांना सांगावे. त्या अंतरासाठी वेगळा नंबर मिळतो. कित्येकांची मोठ्या पडद्याची गरज तिथेच संपते.

पडद्याची जातही पाहायला हवी. चकचकीत पडदा दुकानात सुंदर दिसतो. घरी खिडकीचा उजेड त्यात पडला की आपलाच चेहरा दिसतो आणि त्या प्रतिबिंबातून वाचताना डोळे दमतात. कामासाठी मंद पृष्ठभागाचा, म्हणजे 'मॅट' पडदा बरा. उजेड 'निट' या एककात मोजतात. २५० निटचा पडदा भर दुपारी फिका पडतो, ३०० ते ४०० निट असेल तर आपल्याकडच्या लख्ख उजेडात निभावते. काही पडद्यांचा उजेड कमी केला की ते प्रत्यक्षात अतिशय भराभर चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, पण काही जणांचे डोके मात्र दुखू लागते. अर्धशिशीचा त्रास असलेल्यांनी उजेड उतरवून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पडदा पाहावा. त्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा नमुना मागावा.

'निळ्या प्रकाशापासून संरक्षण' या नावाखाली लॅपटॉपसोबत गळ्यात मारल्या जाणाऱ्या चष्म्याबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये कोक्रेन संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. संगणकामुळे येणारा डोळ्यांचा थकवा अशा काचांनी, निदान अल्पकाळात तरी, कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. डोळे चुरचुरण्याचे मोठे कारण साधे आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो, पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्याहून खाली येते आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर उपाय अधूनमधून दूर पाहणे आणि मुद्दाम पापण्या मिटणे हाच. तो फुकट असल्यामुळे त्याची जाहिरात कोणी करत नाही.

आता मान. लॅपटॉप या यंत्रात एक मूलभूत विसंगती आहे आणि ती किंमत वाढवून दूर होत नाही. पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले आहेत. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात हवेत जातात. हात आरामात ठेवले तर मान खाली जाते. आपण नेहमी हात वाचवतो आणि मान वाकवतो. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रारूपाने याचा हिशेब मांडला. सरळ ताठ बसलेल्या माणसाच्या मानेवर डोक्याचा साधारण पाच किलो भार असतो. मान १५ अंश झुकली की तो १२ किलोंवर जातो, ३० अंशांना १८ आणि ६० अंशांना २७ किलो. हे जिवंत माणसांवर घेतलेले मोजमाप नव्हे, त्यामुळे आकडे शब्दशः घेऊ नयेत. पण दिशा बरोबर आहे. पडदा मोठा असल्याने तो उंचही असेल असे वाटते, पण त्याचा मध्य टेबलापासून जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वर सरकतो. मानेच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थ नाही.

यावर उपाय म्हणजे लॅपटॉप स्टँडवर चढवून कळफलक आणि माउस वेगळे घेणे. लॅपटॉपच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि तो बजेटमध्ये पहिल्यापासूनच धरावा, उरल्या पैशांतून नव्हे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी खाली असावी; प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी खाली. जे रोज एकाच टेबलावर काम करतात त्यांनी आणखी एक विचार करावा. १४ इंची हलका लॅपटॉप आणि घरी २४ इंची मॉनिटर ही जोडी बहुतेकांना १७ इंची अवजड लॅपटॉपपेक्षा जास्त सुख देते. मोठ्या पडद्याचा लॅपटॉप खरा शोभतो तो दोन-तीन ठिकाणी मुक्काम हलवणाऱ्यांना, किंवा घरात वेगळे टेबल मांडायला जागा नसलेल्यांना. मुंबईच्या घरांत ही दुसरी अडचण खोटी नाही.

मोठ्या लॅपटॉपची आणखी एक खोड सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. १५.६ इंच आणि त्यापुढच्या बहुतेक लॅपटॉपवर उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच असतो. त्यामुळे अक्षरांच्या कळा पडद्याच्या मध्यापासून डावीकडे सरकतात. हात कळांवर आले की धड डावीकडे आणि नजर उजवीकडे, अशी हलकीशी पीळ बसलेली बैठक दिवसभर राहते. लेखापालांना आकड्यांचा संच हवाच. ज्यांना तो लागत नाही त्यांनी अक्षरांच्या कळा मध्यभागी असलेला लॅपटॉप मागावा, मिळतो.

वजनाचे गणित तर लोकलने जाणाऱ्याला वेगळे सांगायला नको. १५-१६ इंची साधा लॅपटॉप दीड ते दोन किलोंचा, तर खेळांसाठी बनवलेला १७ इंची अडीच-तीन किलोंचा असतो. त्याचा चार्जरही विटेएवढा. ही पिशवी एकाच खांद्यावर घेणाऱ्यांचा तो खांदा दुखू लागला तर नवल नाही.

वेगाबद्दल दुकानात सर्वाधिक बोलले जाते, म्हणून इथे एक जुनी गोष्ट आठवायला हवी. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे जादा, अवेळी पडणारे ठोके धोक्याचे मानले जात. ते ठोके थांबवणारी औषधे निघाली आणि ईसीजी सुंदर दिसू लागला. १९८९ मध्ये 'कास्ट' या चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा कळले की त्यांतली दोन औषधे घेणाऱ्यांत मृत्यूच उलट जास्त झाले. ईसीजीवरचा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नव्हे, हा धडा वैद्यकाने मोठी किंमत देऊन घेतला. प्रोसेसरचे चाचणीतले गुण याच जातीचे असतात. थंडगार खोलीत, काही मिनिटांत मिळवलेला तो आकडा. तोच प्रोसेसर वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॅटवर चालवला जातो. शरीर पातळ आणि पंखा दुबळा असेल तर थोड्याच वेळात तो तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो.

आपल्या हवामानात हा मुद्दा फार मोठा आहे. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत यंत्र वापरण्याचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सियस लिहिलेले असते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात घरात पंख्याखालीही पारा त्याच्या वर असतो. मोठ्या लॅपटॉपचा इथे खरा फायदा आहे. आत हवा खेळायला जागा असते आणि मोठे पंखे बसवता येतात. म्हणून मोठा लॅपटॉप घ्यायचाच तर अतिपातळ घेऊ नये. पत्रव्यवहार, तक्ते, व्हिडिओ बैठका आणि वाचन एवढ्या कामाला मध्यम प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एसएसडी साठवण पुरते. वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुतेकांना फक्त उष्णता, वजन आणि आवाज देते. रॅम नंतर वाढवता येते की बोर्डावर कायमची चिकटवलेली आहे, हे मात्र आधीच विचारावे.

उष्णता शरीरालाही भोवते. काश्मीरमध्ये फिरनखाली निखाऱ्यांची कांगडी धरून बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर जाळीदार तपकिरी डाग उठतात, हे डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी १२ वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या मांडीवर तसेच डाग पाहिले. तो रोज तासन् तास लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळत असे. त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेत २९ निरोगी पुरुषांवर केलेल्या पाहणीत मांडीवर लॅपटॉप ठेवून तासभर बसल्यावर अंडकोशाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढलेले दिसले. त्यातले बरेचसे नुसते पाय जुळवून बसल्यामुळेच होते. त्या पाहणीने वंध्यत्व सिद्ध केलेले नाही. तरी मूल हवे असलेल्या जोडप्यातील पुरुषाने लॅपटॉप टेबलावर ठेवावा, एवढे सांगायला ती पुरेशी आहे. गादीवर किंवा उशीवर ठेवला तर खालच्या जाळ्या बुजतात आणि यंत्राचाही दम कोंडतो.

राहिला टिकाऊपणा. यंत्रांच्या बिघाडाचा आलेख काढला तर तो बाथटबसारखा दिसतो. सुरुवातीला जास्त, मध्ये कमी, शेवटी पुन्हा जास्त. सुरुवातीच्या बिघाडांना अभियंते 'बालमृत्यू' म्हणतात, आणि सार्वजनिक आरोग्याच्या आलेखाशी हे साम्य योगायोगाचे नाही. म्हणून नवा लॅपटॉप आणल्यावर तो जपून कपाटात ठेवण्याऐवजी पहिले पंधरा दिवस त्याच्याकडून भरपूर काम करून घ्यावे. सगळ्या कळा, सगळी छिद्रे, कॅमेरा, बिजागरी तपासावी. जन्मजात दोष असेल तर तो बदलून मिळण्याच्या मुदतीत उघड झालेला बरा.

'अमुक कंपनीचा लॅपटॉप बिघडतच नाही' असे सांगणारा प्रत्येक घरात एक असतो. त्याचा नमुना एक किंवा दोन लॅपटॉपचा असतो. २००९ मध्ये अमेरिकेतल्या स्क्वेअरट्रेड या कंपनीने तीस हजारांवर लॅपटॉपच्या नोंदी तपासल्या. तीन वर्षांत सुमारे एकतृतीयांश बंद पडतात, त्यांतले दोन भाग अंगच्या बिघाडाने आणि एक भाग पडण्या-सांडण्याने, असा तिचा अंदाज होता. आकडे जुने आहेत, आणि ही कंपनी जादा वॉरंटी विकण्याच्या धंद्यात होती हेही विसरू नये. औषध कंपनीने स्वतःच केलेली चाचणी जशी जपून वाचावी, तशीच ही. पण अपघाताचा वाटा त्यातून डोळ्यांत भरतो. जादा वॉरंटी घेताना ती अपघाताला लागू आहे का आणि दुरुस्तीचा माणूस घरी येतो का, हे दोन प्रश्न विचारावेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला जवळचे सेवाकेंद्र शंभर किलोमीटरवर असणे हा प्रोसेसरपेक्षा मोठा दोष आहे. 'लष्करी दर्जा' या छापाने मात्र भुलू नये. त्या अमेरिकी मानकाच्या चाचण्या बहुधा कंपनीच ठरवते. प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र यंत्रणा त्यामागे नसते.

मोठ्या लॅपटॉपचे झाकण जड असते आणि त्याचा भार बिजागरीवर येतो. ते कोपऱ्याला धरून उचलू नये, मधोमध धरून उघडावे. लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने आणि सतत पूर्ण भरलेली राहिल्याने लवकर म्हातारी होते. लॅपटॉप कायम वायरीला जोडून वापरणाऱ्यांनी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय सुरू करावी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती असते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेनासे झाले, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. ती दाबून बसवण्याचा प्रयत्न करू नये. यंत्र बंद करून थेट सेवाकेंद्रात न्यावे. धातूच्या शरीराच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर भिंतीतल्या प्लगला अर्थिंग आहे का ते वायरमनकडून पाहून घ्यावे. जुन्या चाळींत आणि वाड्यांत ते अनेकदा नसते. चार्जर बदलावा लागलाच तर बीआयएसची नोंदणी असलेलाच घ्यावा.

किमतीचा विचार या सगळ्यानंतर करावा, आणि तो तासांवर. समजा ६० हजारांचा लॅपटॉप वर्षाचे २५० दिवस, रोज सहा तास वापरला आणि पाच वर्षे टिकला, तर तासाला आठ रुपये पडतात. ४० हजारांचा अडीच वर्षांत कुरकुरू लागला, तर तासाला साडेदहा रुपयांहून जास्त. हेच गणित दुसऱ्या बाजूनेही करावे. एक लाखाचा लॅपटॉप त्याच वापरात आठ रुपयांवर यायला आठ वर्षांहून अधिक टिकावा लागतो, आणि इतकी वर्षे बॅटरी न बदलता क्वचितच कोणी काढतो. मधल्या किमतीचा, दुरुस्त होऊ शकणारा, चांगल्या पडद्याचा लॅपटॉप, आणि वाचलेल्या पैशांत स्टँड, कळफलक, माउस व धड उंचीची खुर्ची, असा सौदा बहुतेक घरांना परवडतो.

दुकानात लॅपटॉप उंच काउंटरवर मांडलेले असतात आणि गिऱ्हाईक ते उभ्याने, वरून पाहते. मान किती झुकते हे अशाने कळणारच नाही. खुर्ची मागावी, स्वतःचा चष्मा लावावा, स्वतःची एखादी मराठी फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी आणि वीस मिनिटे टंकून पाहावे. पंखा किती ओरडतो, तळहाताखालचा भाग किती तापतो, 'घ'चा 'ध' होतो का, हे सगळे तेवढ्या वेळात समजते. विक्रेता घाई करू लागला तर शेजारी दुसरे दुकान असतेच.